कुंपणावरील वेली

बागेच्या तारेच्या कुंपणावर वेली चढवावयाच्या, तर फुलांच्या रंगाआधी वेलीच्या चढण्याची रीत पाहावी. कारण गोकर्णी आणि मधुमालती आधाराला वेढे घालीत चढतात, कृष्णकमळ आपल्या तणाव्यांनी बारीक तारही घट्ट धरते, आणि बोगनवेल, जिला अशी पकड मुळीच नाही, ती केवळ काट्यांच्या आधाराने रेलत जाते व तिला जागोजाग सुतळीने बांधावे लागते.

अंतराच्या बाबतीत मात्र बहुतेकांचा उतावीळपणा नडतो. रोपे वीतभर असताना दोन-दोन फुटांवर लावलेली मधुमालतीसुद्धा विरळ भासते, परंतु दोन-तीन पावसाळे सरताच तिच्या फांद्या परस्परांत अशा गुरफटतात, की खालची पाने उन्हावाचून गळून बुंधे उघडे पडतात. म्हणून तिला 8 ते 10 फूट, जाईला 5 ते 6 फूट जागा राखावी, आणि मधल्या रिकाम्या हद्दीची तजवीज पहिल्या वर्षी फूटफूट अंतराने गोकर्णीचे बी टोकून करावी. संध्याकाळी पांढरे उमललेले मधुमालतीचे फूल पुढे गुलाबी, मग लाल होते आणि एकाच घोसात तिन्ही छटा लोंबतात. माझ्या मते लांब कुंपणास याहून योग्य वेल नाही. खड्डे कुंपणापासून फूटभर आत घ्यावेत व मृगाच्या सरींपूर्वीच शेणखताने भरून ठेवावेत.