कोंड्यातील द्रव्ये

हुबळीच्या कोप्पीकर रोडवरील कोणत्याही खाणावळीत बसावे, तर पानात पांढराशुभ्र भात येतो. त्याचा कोंडा गुरांच्या पेंडीत किंवा तेलाच्या कारखान्यात गेलेला असतो. कोंड्याचा मांडा करणाऱ्या आपल्या आज्यांना हे रुचले नसते!

या कोंड्याच्या तेलातून १९५४ साली जपानी संशोधकांनी ओरायझॅनॉल वेगळे काढले. फेरुलिक आम्ल आणि वनस्पतीतील स्टेरॉल यांच्या संयोगाने ते बनते. आता चरबीची पेशी पाहा. ती आरंभी रिकामी पूर्वपेशी असते; पुढे पीपीएआर-गॅमा नावाचे प्रथिन तिला चरबीचे कोठार बनविते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या उंदराच्या पूर्वपेशींना कोंड्यातील अशी द्रव्ये दिली असता ही घडण मंदावल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे. परंतु काचेच्या बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे. माणसाची चरबी त्याने घटते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तेव्हा कोंड्याच्या गोळ्यांच्या भरवशावर मधुमेहाचे औषध कोणी सोडू नये.

हातसडीचा तांदूळ मात्र अवश्य आणावा, पण थोडाथोडा. कारण सडताच कोंड्यातील लायपेज हे विकर तेलावर काम करू लागते आणि दाण्याला लवकरच खवट वास येतो.