शिरस्त्राण आणि स्फोटतरंग

सैनिकाचे शिरस्त्राण घडविले गेले ते मुख्यतः उडत्या कपच्या अडविण्यासाठी. कपची घनरूप असल्यामुळे पोलाद किंवा केवलार यांचे कवच तिला थोपवू शकते. स्फोटाचा दाबतरंग मात्र हवेतून येतो, आणि जेथे हवेला वाट आहे तेथे त्यालाही आहे. अशा तरंगाने बाहेरून जखम न दिसताही मेंदूस इजा होऊ शकते.

बंदिस्त जागेतील या तरंगाचा प्रताप मुंबईने पाहिला आहे. १३ मार्च २००३ रोजी मुलुंड येथे व ११ जुलै २००६ रोजी जोगेश्वरी, बोरिवली आदी सात ठिकाणी लोकलच्या डब्यांत स्फोट झाले. डब्याच्या भिंतींवर आपटून तरंग परततो, मूळ तरंगात मिसळतो आणि दाब वाढवितो. कानाचा पडदा फाटण्यास वातावरणीय दाबाच्या सुमारे एक-तृतीयांश, म्हणजे ३५ किलोपास्कल, इतका अधिदाबही पुरतो.

कवटी व शिरस्त्राण यांमधील पोकळी ही अशीच एक चिमुकली बंदिस्त जागा होय. शैलेश गणपुले, नमस चंद्र प्रभृतींचा नेब्रास्का विद्यापीठातील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, तरंग कडेखालून आत शिरतो, डोक्यास वळसा घालतो, आणि त्याचे फाटे स्फोटाच्या विरुद्ध बाजूस एकत्र येऊन तेथील दाब वाढवितात. रक्षणासाठी घातलेली वस्तूच येथे तरंगाला एकवटण्यास जागा देते! पोकळीत मऊ गाद्या बसविल्यास हा शिरकाव बराच रोखला जातो. पण मग कवचाची हालचाल त्याच गाद्यांतून कवटीपर्यंत पोहोचते. गादी किती मऊ असावी, हा प्रश्न म्हणूनच दिसतो तितका सोपा नाही.

शिवाय चेहरा उघडाच राहतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासात, चेहऱ्यावर ढाल दिल्यास मेंदूवरील ताण लक्षणीय घटतो, असे दिसून आले. बॉम्ब निकामी करणाऱ्याच्या शिरस्त्राणास अशी ढाल असते. पायदळाच्या शिपायाला मात्र नेम धरावयाचा असतो, आणि पावसाळी हवेत श्वासाने धुरकटलेल्या काचेतून तो धरणे कठीणच.

स्फोट डोक्यावर झाल्यास चित्र बदलते. ड्यूक विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत पहिल्या महायुद्धातील शिरस्त्राणांनीही वरून येणाऱ्या तरंगापासून चांगले रक्षण केले. १९१५ मध्ये प्रचारात आलेले फ्रेंच अ‍ॅड्रियन शिरस्त्राण तर माथ्यावरील दाब कमी करण्यात आधुनिक शिरस्त्राणाहूनही सरस ठरले. त्याच्या माथ्यावरील उंच पट्टीने तरंग बाजूस वळविला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.