अनारसा का हसतो?
(नेकनूर, ता. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तळणाचा आहे आणि समोर बसलेल्या निम्म्या बायकांचं आयुष्य तळणासमोर गेलेलं आहे, हे मला माहीत आहे. त्यामुळे अनारसे कसे करायचे हे मी तुम्हाला शिकवणार नाही. ते का बिघडतात, एवढंच सांगणार आहे. ते कळलं की कृती आपली आपल्याला दुरुस्त करता येते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपला हा बालाघाटाचा पट्टा. मांजरसुंब्याहून केजकडे जाताना दोन्ही बाजूंना काय दिसतं? ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, आता सोयाबीन. भात दिसत नाही. म्हणजे तांदूळ हे आपल्याकडे बाहेरून आलेलं धान्य. रोजच्या ताटात भाकरी, आणि तांदूळ सणाला, पाहुण्याला, जावयाला. अशा कोरडवाहू मुलखात जावयाच्या मानाचा पदार्थ मात्र तांदळाचा कसा? मला वाटतं, जे घरात पिकत नाही ते देण्यातच मान असतो.

आता धोंड्याचा महिना. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो, तो साठत साठत सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरावा लागतो. तोच अधिक महिना. त्यात तेहतीस अपूपांचं दान सांगितलेलं आहे. अपूप हा वेदातला शब्द, अर्थ वडा किंवा घारगा म्हणा. दानाची वस्तू सच्छिद्र हवी, म्हणून जाळीदार अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक. आपल्याकडे पुरणाचे धोंडेही करतात, पण ते गव्हाचे, आज त्यांना बाजूला ठेवू.

तेहतीस म्हटलं की घरातली माणसं घाबरतात. हिशेब करून बघा. एक अनारसा तळण्याआधी पंचवीस ग्रॅमचा धरा, म्हणजे सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान गोळा. तेहतीस गोळ्यांना सव्वाआठशे ग्रॅम पीठ लागतं. अर्धा किलो तांदूळ भिजवून निथळला की पाणी धरून सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यात साडेतीनशे ते चारशे ग्रॅम गूळ. झालं की किलोभर! वाण देऊन पाच-सहा उरतात, ते चाचणीला. म्हणजे अनारसा गरिबाला बुडवत नाही. बुडवते ती त्याच्यासोबतची यादी, अंगठी, कपडे, चांदीचं ताट. ती यादी अपूपांच्या दानात कुठंच नाही. हे मी मुद्दाम माईकवर सांगते आहे. (हशा)

बरं, आता पिठाकडे येऊ. कुणी गिरणीतलं तांदळाचं कोरडं पीठ आणून गूळ मिसळला, तर अनारसा होत नाही. का? तांदळात गव्हासारखा चिकटा नसतो. गव्हाची कणीक मळली की तिला ताण येतो, तांदळाच्या पिठाला येत नाही. मग त्याला बांधून कोण ठेवणार? गूळ. पण गूळ विरघळायला पाणी पाहिजे, आणि वरून पाणी ओतलं की चिखल होतो. म्हणून आपल्या आज्यांनी पाणी दाण्याच्या आत भरलं. तांदूळ भिजवायचा, निथळायचा, फडक्यावर सावलीत पसरायचा, आणि ओलसर असतानाच कुटायचा. मूठ दाबली तर पिठाचा मुटका व्हावा, हाताला पाणी लागू नये. ते पीठ मैद्याच्या चाळणीनं चाळायचं, लगेच किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचं. दाण्यातलं पाणी गूळ ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी घट्ट पीठ आपोआप सैल झालेलं असतं. पाण्याचा एक थेंबही न घालता.

तेलंगणात याच पदार्थाला अरिसेलू म्हणतात. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्यांच्याबरोबर निजामाच्या राज्यात होतो, पण अनारशाची रीत वेगळी राहिली. ते गुळाचा पाक करतात आणि ओलं पीठ गरम पाकात घालतात. तमिळ अधिरसमही पाकाचाच. छत्तीसगडचा अइरसा, ओडिशाचा आरिसा पिठा, सगळे एकाच कुळातले. पाकाची रीत लवकर होते, पण पाकाची परीक्षा चुकली की सगळा घाणा गेला. आपली रीत सावकाश, पण दुरुस्तीला जागा ठेवणारी. मला आपली शहाणपणाची वाटते.

आता ‘तीन दिवस भिजवा’ याबद्दल. हा आकडा कुठला? पुस्तकातली कृती बहुधा दिवाळीची असते, आणि दिवाळीत हवा थंडावलेली असते. अधिक महिना मात्र फिरत राहतो. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलैपासून होता, ऐन पावसाळ्यात. तेव्हा तांदूळ भिजायचा, पण निथळून ओलसर व्हायचं नाव घेत नव्हता. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. म्हणजे बीडचा उन्हाळा, पारा चाळीसच्या पुढं. त्या उकाड्यात तीन दिवस एकाच पाण्यात तांदूळ ठेवलात तर तो आंबणार नाही, नासेल.

भिजताना काय होतं? दाणा मऊ होतो, आणि पाण्यातले जिवाणू थोडं आम्ल तयार करतात. किंचित आंबूस वास आला पाहिजे, ताकासारखा. सडका, घाण वास आला किंवा तांदूळ बुळबुळीत झाला, तर तो टाकून द्या, जिवावर आलं तरी. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी बदला, आणि दोन दिवसांनी दाणा नखानं चुरडून बघा. पीठ झालं तर पुरे, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. निथळायलाही उन्हाळ्यात तासाऐवजी अर्धा तास पुरतो, पंख्याखाली तर त्याहून कमी. आणि काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. टँकरची वाट बघणारी गावं आहेत आपली, ते जनावराच्या आंबोणात घाला.

तांदूळ जुना घ्या. नवा तांदूळ चिकट, त्याचा अनारसा दडदडीत होतो. रेशनचा चालेल का, असं नेहमी विचारतात. चालतो. त्यात अधूनमधून जे वेगळे दाणे दिसतात ते प्लॅस्टिक नाही, ही अफवा एकदाची सोडा. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून साच्यातून काढलेले दाणे आहेत ते. पण वारंवार पाणी बदलताना त्यातली जीवनसत्त्वं वाहून जातात, म्हणून तो तांदूळ लेकरांच्या भाताला ठेवणं चांगलं.

मळलेलं पीठ डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यायचं. ते नासत का नाही? गुळानं पाणी धरून ठेवलेलं असतं, जंतूंना ते मिळत नाही. तरी मे महिन्यात डबा फ्रिजमध्येच ठेवा.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. कढईत सोडलेला अनारसा पसरतो, फुटतो, त्याचा चुरा तुपावर तरंगतो, त्याला आपण ‘हसला’ म्हणतो. करणारी रडकुंडीला येते आणि अनारसा हसतो! होतं असं की गरम तुपात गूळ वितळतो. त्याच वेळी आतल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते, तिच्या वाटा म्हणजे ती जाळी. पिठाचे कण शिजून घट्ट होईपर्यंत गुळानं त्यांना सांभाळायचं असतं. गूळ जास्त असेल तर बांधणारच पातळ होतो आणि सगळं सुटतं. म्हणून गूळ मिसळण्याआधी वाटीभर चाळलेलं पीठ वाळवून बाजूला ठेवावं. पहिला अनारसा हसला की त्यातलं दोन चमचे मळून पुन्हा एक सोडून बघायचा. उलट अनारसा कडक झाला, जाळी पडली नाही, तर गूळ कमी आहे किंवा पीठ सुकलंय. मग पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा किंवा चमचाभर दूध. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही.

तूप फार थंड असेल तर चांगल्या पिठाचाही अनारसा विरघळतो. फार तापलं तर कडा काळ्या आणि मध्य कच्चा. गोळीएवढं पीठ टाकावं, ते तळाशी जाऊन सावकाश वर आलं की आच बरोबर. खसखशीची बाजू वर ठेवायची आणि उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. उलटला तर खसखस जळते आणि ओली जाळी दबून बसते. काढल्यावर चाळणीत उभे ठेवा, तूप निथळतं. खसखस परवडत नसेल तर तीळ लावा. बिहारमध्ये गयेचा अनारसा तिळाचाच असतो, कुणी नावं ठेवत नाही.

तिखटाचं थोडक्यात सांगते. तांदळाचे वडे कोकणात कोंबडीबरोबर खातात. तांदूळ, उडीद, धने, बडीशेप, मेथी यांचं पीठ. तिथं गूळ नाही, मग बांधायचं कशानं? कढत पाण्यानं. गरम पाण्यात पिठातला थोडा स्टार्च शिजून खळीसारखा होतो, तोच चिकटा. म्हणून गार पाण्यात भिजवलेला वडा थापतानाच चिरतो. पीठ झाकून दोन-तीन तास ठेवा, तेल अनारशापेक्षा चांगलं तापवा. वडा फुगतो तोही वाफेनंच. मधे भोक पाडलं तर फुटून तेल उडण्याची भीती राहत नाही.

आपल्या घरात जास्त होतात ती उरलेल्या भाताची भजी. भात कुस्करून बेसन, मूठभर ज्वारीचं पीठ, कांदा, मिरची, ओवा, तीळ. छान लागतात. पण इथं एक गंभीर गोष्ट आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरेअस त्याचं नाव. ते भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष तळूनही जात नाही. ‘तळलं की सगळं मरतं’ हा समज इथं खोटा आहे. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची सकाळी भजी करू नका, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना तर मुळीच देऊ नका. भात उरणार हे दिसलं की दीड-दोन तासांत पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: “आमच्या बचत गटाला अनारशाचं पीठ विकायचंय, तयार अनारसे विकावेत की पीठ?” पीठ विका, ताई. तयार अनारशाला तुपाचा खर्च, फुटण्याची नासधूस, आणि काही दिवसांनी जुनाट वास. पिठाचे मात्र अर्धा-अर्धा किलोचे गोळे करून हवाबंद पिशवीत भरता येतात. वर तारीख घाला, आणि सोबत वाळवलेल्या पिठाची छोटी पुडी द्या, ‘अनारसा हसला तर यातलं दोन चमचे मिसळा’ असं लिहून. प्रत्येक घाण्यातला एक अनारसा स्वतः तळून बघितल्याशिवाय पिशवी बंद करू नका.