इंजिनाचा श्वास मोजताना

शेव्हरोलेट कंपनीने १९५५ साली 'स्मॉल ब्लॉक' नावाने ओळखले जाणारे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. त्या घराण्यातली इंजिने पुढे कित्येक दशके निघत राहिली. अमेरिकेतील हौशी मंडळी आजही ती खोलून अधिक ताकदवान करत असतात. त्यांच्यातला नेहमीचा वाद म्हणजे सिलिंडर हेड कोणते बसवावे.

हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, पण साधे नव्हे. हवा येण्याचा व धूर जाण्याचा मार्ग, झडपा, ज्वलनकक्ष, थंड पाण्याच्या वाहिन्या हे सारे त्यातच असते. या पोकळ्या साच्यात वाळूचे गाभे बसवून ओतकामातच तयार होतात. साच्याचा क्रमांकही हेडवर उठतो. त्याच्या शेवटच्या तीन आकड्यांनीच मंडळी हेड ओळखतात. साठच्या दशकातले '४६१' त्यांच्या विशेष आवडीचे. त्याच्या टोकाला उंटाच्या कुबडांसारख्या दोन उंचवट्यांची खूण असते.

पण क्रमांक सांगतो तो साचा. पुढचे यंत्रकाम तो सांगत नाही. याच ४६१ मध्ये हवेची झडप कधी १.९४ इंचांची, तर कधी २.०२ इंचांची असे. शिवाय ओतताना गाभा किंचित सरकला, तर एका बाजूची भिंत पातळ होते. मार्ग रुंद करण्यासाठी तिथे घासायला गेले की पाण्याची वाहिनीच फुटायची! म्हणून मोजणे आले.

ज्वलनकक्षाचे आकारमान आपल्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटनेही मोजता येते. झडपा व स्पार्क प्लग जागेवर बसवून हेड उलटे ठेवायचे, वर भोक पाडलेली पारदर्शक पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि ब्युरेटमधून द्रव सोडायचा. ५.७ लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ७१६ घन सेंमी येतात. ज्वलनकक्ष ६४ घन सेंमीचा, आणि गॅस्केट वगैरेंची जागा १६ धरली, तर संपीडन गुणोत्तर ७९६ भागिले ८०, म्हणजे जवळजवळ १० येते. कक्ष ७६ चा असेल तर ते ८.८ वर उतरते. बारा घन सेंमी म्हणजे जेमतेम अडीच चमचे, पण फरक केवढा!

हवेचा प्रवाह मोजण्यासाठी हेडमधून ठरावीक दाबफरकाने हवा ओढतात व मिनिटाला किती घनफूट गेली ते पाहतात. इथे फसगत फार होते. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एकाने १० इंच पाण्याच्या दाबफरकावर १४० मोजले व दुसऱ्याने २८ इंचांवर २३४, तर दुसरे हेड सरस वाटेल. पण २.८ चे वर्गमूळ १.६७, आणि १४० गुणिले १.६७ म्हणजे २३४च! हेड तेच, फक्त मोजण्याची अट बदलली. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.

बरे, जास्त प्रवाह म्हणजे नेहमीच चांगले हेड का? मिनिटाला १५०० फेऱ्यांवर हवा आत घेण्याचा धक्का ०.०२ सेकंदाचा असतो. मार्गाचा छेद १३ चौरस सेंमी असेल तर हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर येतो. छेद १६ केला तर तो २२ वर येतो. मंदावलेल्या हवेत पेट्रोल नीट मिसळत नाही, सिलिंडरही कमी भरतो. शर्यतीत ५००० फेऱ्यांच्या वर धावणाऱ्या इंजिनाला रुंद मार्ग मानवतो. रोजच्या रस्त्यावर मात्र तेच हेड चढावर धापा टाकते.

१९९६ साली आलेले 'व्होर्टेक' हेड (क्रमांकाच्या शेवटी ९०६ किंवा ०६२) या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेही बिडाचेच, कक्ष साधारण ६४ घन सेंमीचाच, झडप १.९४ इंचांचीच. तरीही ते जुन्या ४६१ पेक्षा स्पष्टपणे जास्त हवा जाऊ देते, कारण झडपेआधीचे वळण व कक्षाचा आकार सुधारला आहे. आमच्या मते रस्त्यावरच्या गाडीला तेच बरे. मात्र मूळ स्प्रिंगांसह त्याची झडप सुमारे १२ मिमीपेक्षा जास्त उचलता येत नाही, त्यामुळे त्यापुढचे प्रवाहाचे आकडे कागदावरच राहतात. शिवाय हवा वाटून देणारी जुनी नळी त्यावर बसत नाही. जुन्या हेडला तिचे बोल्ट बारा होते, याला आठ आहेत.