‘आमच्यात तर कुणालाच नव्हता!’ : आरपी, आनुवंशिकता आणि काही गैरसमज

दिवेलागणीनंतर चाचपडत चालणे, उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ काही न दिसणे, बाजूने येणारी सायकल लक्षातच न येणे. रेटिनायटिस पिगमेंटोसाची सुरुवात बहुधा अशी होते. रुग्ण आणि डॉक्टर त्याला थोडक्यात ‘आरपी’ म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू मरत जातात. आधी रातांधळेपणा येतो, मग नजरेचा घेर कडेकडून आक्रसत जातो. जगात साधारण चार हजारांत एकाला हा आजार असतो असे मानतात. नागपूर भागातल्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा मात्र हे प्रमाण साधारण ७५० जणांत एक निघाले.

निदान झाले की घरात लगेच पुढचा प्रश्न येतो : मुलांना होईल का? याचे उत्तर जवळजवळ शून्यापासून पन्नास टक्क्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही जास्त असू शकते. बिघाड कोणत्या जनुकात आहे आणि तो कोणत्या पद्धतीने पुढे जातो, यावर ते ठरते. म्हणून शेजारच्या घरातला अनुभव आपल्या घराला लावून चालत नाही.

गैरसमज : घराण्यात कुणालाच नव्हता, म्हणजे हा आजार आनुवंशिक नाही.

वस्तुस्थिती : आरपीच्या दहा रुग्णांपैकी चार-पाच जणांच्या नात्यात दुसरा रुग्ण सापडत नाही. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची आणि एक वडिलांची. अप्रभावी प्रकारात दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो. एकच बिघडलेली असेल तर माणूस ‘वाहक’ असतो आणि त्याला स्वच्छ दिसते. एकाच जनुकाचे दोन वाहक एकत्र आले की आजार पहिल्यांदा त्यांच्या मुलात दिसू शकतो. वाहक काही दुर्मीळ नाहीत. २०२० मधल्या एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार, पडद्याच्या कोणत्या ना कोणत्या आनुवंशिक आजाराची बिघडलेली प्रत सुमारे ३६ टक्के लोकांकडे असते. शिवाय प्रभावी प्रकारात, म्हणजे एकच बिघडलेली प्रत आजाराला पुरते त्या प्रकारात, काही घराण्यांत बिघाड असूनही एखाद्याला आजार होत नाही, आणि मधली पिढी सुटल्यासारखी वाटते.

गैरसमज : ‘चारांत एक’ म्हणजे एका मुलाला झाला, बाकीची तीन सुटली.

वस्तुस्थिती : आई-वडील दोघे एकाच जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, मूल फक्त वाहक असण्याची ५० टक्के आणि बिघाड अजिबात न येण्याची २५ टक्के असते. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते, आधी काय पडले हे त्याला ठाऊक नसते. काही घरांत दोन भावंडांना आरपी असतो, काहींत पाचही मुले निरोगी निघतात. दोन्ही ठिकाणी शक्यता तेवढीच होती.

गैरसमज : दोष सुनेच्या माहेरचा.

वस्तुस्थिती : अप्रभावी प्रकारात एक प्रत आईची आणि एक वडिलांची असते, त्यामुळे एकट्या आईकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. प्रभावी प्रकारात बिघाड दोघांपैकी कुणाकडूनही येतो, कधी तो मुलात नव्यानेच झालेला असतो. आरपीच्या काही थोड्या घराण्यांत बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो. तिथे मामाला आजार आणि भाच्यालाही, मधल्या आईला मात्र बहुधा ठीक दिसते. अशा वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. काही वाहक बायकांची नजरही उतारवयात कमी होते, त्यामुळे ‘मुलींना काही होत नाही’ हेही खरे नाही. लेबर ऑप्टिक न्यूरोपॅथी या डोळ्याच्या नसेच्या वेगळ्या आजारात मात्र बिघाड फक्त आईकडून येतो. आजारी पुरुषाच्या मुलांना तो वडिलांकडून जात नाही. आईकडून आला म्हणून आईची चूक ठरत नाही, जनुके कुणी निवडून देत नाही.

गैरसमज : बापाला आहे, म्हणजे मुलाला होणारच.

वस्तुस्थिती : प्रभावी प्रकार असेल तर प्रत्येक अपत्याकडे बिघाड जाण्याची शक्यता ५० टक्के आहे. एक्स गुणसूत्रावरचा असेल, तर वडिलांकडून एकाही मुलाला आजार जात नाही, कारण मुलाला वडिलांचे वाय गुणसूत्र मिळते. मुली मात्र सगळ्या वाहक होतात. अप्रभावी असेल आणि जोडीदार नात्यातला नसेल, तर मुले वाहक होतील, पण त्यांना आजार होण्याची शक्यता बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. नवरा-बायको दोघांनाही अप्रभावी आरपी असला, तरी बिघाड वेगवेगळ्या जनुकांत असेल तर मुलांना चांगले दिसू शकते. एकाच जनुकात असेल तर मात्र सगळ्या मुलांना आजार होण्याचीच दाट शक्यता असते. आरपीला कारण ठरणारी जनुके ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून असे लग्न ठरताना जनुकाचे नाव माहीत असणे फार मोलाचे.

गैरसमज : मामाची मुलगी केली की घरातलीच, सगळे माहितीतले.

वस्तुस्थिती : माहितीतली माणसे असली तरी वाहकपण डोळ्यांना दिसत नाही. मुलाला अप्रभावी आरपी आहे असे धरा. मग त्याची आई वाहक आहेच. मामाकडे तीच प्रत असण्याची शक्यता निम्मी, मामाच्या मुलीकडे पाव. या दोघांचे लग्न झाले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता आठांत एक, म्हणजे साडेबारा टक्के होते. नात्याबाहेर लग्न केले तर तीच एक टक्क्याच्या आसपास किंवा खाली राहते. नात्यातल्या बहुतेक लग्नांत मुले निरोगी होतात हे खरे आहे, पण घरात आरपी असेल तर हा हिशेब मांडल्याशिवाय सोयरीक पक्की करू नये.

गैरसमज : एकच रक्तगट, एक नाड किंवा गरोदरपणातले ग्रहण याने मुलांची नजर जाते.

वस्तुस्थिती : यांपैकी कशाचाही आरपीशी संबंध नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असणे अपायकारक नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर काळजी घ्यावी लागते, पण त्याचा डोळ्यांशी संबंध नाही. छत्तीस गुण जुळले तरी दोघे एकाच जनुकाचे वाहक असू शकतात.

गैरसमज : अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की झाले.

वस्तुस्थिती : अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारा रातांधळेपणा वेगळा, तो गोळ्यांनी बरा होतो. आरपी तसा बरा होत नाही. स्टारगार्ड नावाच्या पडद्याच्या आनुवंशिक आजारात तर या गोळ्या अपाय करू शकतात, आणि गरोदरपणात मोठी मात्रा गर्भाला घातक ठरते. नेत्रदानातून मिळालेले बुबुळही इथे उपयोगी नाही, कारण खराब झालेला असतो तो पडदा.

गैरसमज : इलाज नाही, मग तपासणी कशाला?

वस्तुस्थिती : डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत आरपीई६५ या जनुकातल्या बिघाडावर जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. तो अतिशय महाग आहे आणि फक्त त्याच जनुकासाठी आहे, त्यामुळे जनुकाचे नाव कळल्याशिवाय तो आपल्याला लागू आहे की नाही हेच ठरत नाही. रेफसम आजारासारख्या मोजक्या प्रकारांत आहार बदलून नुकसान रोखता येते. डोळ्यात केलेल्या उपचाराने पुढच्या पिढीचा धोका मात्र बदलत नाही. बीजपेशींतला बिघाड तसाच राहतो.

लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, याबाबत तपासणीची निकड सर्वांत जास्त. आई किंवा वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत तो होऊन गेला असेल, तर प्रत्येक अपत्याकडे बिघाड जाण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा बाळाचे डोळे जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच तपासायला हवेत. वेळेत सापडला तर जीव वाचतोच, बहुधा नजरही वाचते.

आरपी असलेल्या घराने सुरुवात वंशावळीपासून करावी. तीन पिढ्यांत कुणाला रात्री दिसत नव्हते, कुणाला ऐकूही कमी येत होते, कुठे नात्यात लग्ने झाली, हे आजी, आत्या, मामा यांना विचारून लिहून काढावे. जनुकीय तपासणी आधी रुग्णाची करावी, निरोगी भावंडाची नंतर. बिघाडाचे नाव कळल्याशिवाय भावंडाच्या अहवालातून फारसे हाती लागत नाही. तपासणीतही सगळ्यांचे कारण सापडत नाही, काही अहवाल संदिग्ध येतात, आणि संदिग्ध अहवाल म्हणजे ‘काही नाही’ असे नव्हे.

बिघाड नक्की कळला असेल, तर गर्भाची किंवा टेस्ट ट्यूब पद्धतीत भ्रूणाची तपासणी करण्याचा पर्याय असतो. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी आहे, मात्र लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसह ठरावीक विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करता येते. ती करायची की नाही, मूल होऊ द्यायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे. समुपदेशकाने आकडे नीट समजावून द्यावेत, निर्णय देऊ नये. आणि तिथे जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत : बिघाड कोणत्या जनुकात आहे, तो कोणत्या पद्धतीने पुढे जातो, आणि घरातल्या आणखी कुणाला तपासणीची गरज आहे?