बाजार उठायच्या आत

सोमवारी सकाळी फर्दापूरच्या तिठ्यावर येऊन थबकणाऱ्या गाड्या सोयगाव तालुक्याला नव्या नाहीत. गाडी भाड्याची, हॉटेलचे पैसे आधीच भरलेले, मुले पहाटेपासून उठलेली आणि अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद. मग उद्याचे वेरूळ आज करू म्हणून गाडी वळते, आणि शंभर किलोमीटर मागे जायचे तर दिवस कसा पुरणार यावर घरातल्या घरात वाद सुरू होतो. सहलीचा दिवस आपल्या सुटीवरून धरला आणि ठिकाणाचे वेळापत्रक विचारलेच नाही, एवढीच ती चूक. अजिंठ्याला तिची शिक्षा एका दिवसाची असते. युरोपातले नाताळ बाजार बघायला निघणाऱ्याने तीच चूक केली तर शिक्षा वर्षाची होते, कारण लेणी मंगळवारी उघडतात, उठलेला बाजार पुढच्या नोव्हेंबरपर्यंत भरत नाही.

हा विषय आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, तेव्हापासून जर्मन शिकणाऱ्या मुलांची गोष्ट तालुक्याच्या गावीही निघते. त्याआधीपासून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मुले आहेतच. मुलगा किंवा मुलगी तिकडे स्थिरावली की आई-वडिलांना बोलावणे येते, आणि बोलावणे बहुधा ‘नाताळात या, आम्हांला सुटी असते’ असे असते. हौसेने तिकिटे निघतात 22-23 डिसेंबरची. विमान पोहोचेपर्यंत न्यूरेंबर्ग किंवा ड्रेस्डेनच्या चौकात शेवटच्या दिवसाची गर्दी असते. 24 तारखेच्या दुपारी दोन्ही बाजार आटोपतात आणि टपऱ्यांच्या फळ्या लागतात. श्टुटगार्टचा बाजार तर बहुधा 23 तारखेलाच उठतो. 25 आणि 26 हे दोन्ही दिवस जर्मनीत सार्वजनिक सुटीचे. वाणसामानाची दुकानेही बंद असतात, आणि लहान गावात तर रस्त्यावर चिटपाखरू नसते. ज्या झगमगाटासाठी लाखभर रुपये मोजले, तो आदल्या दिवशीच विझलेला असतो.

याचे कारण बाजाराच्या जन्मातच आहे. ड्रेस्डेनच्या बाजाराचा पहिला उल्लेख 1434 सालचा. सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक दुसरा याने नाताळच्या आधीच्या सोमवारी एक दिवसाचा बाजार भरवायला परवानगी दिली, आणि तो बाजार होता मांसाचा. नाताळापूर्वीचे आठवडे ख्रिस्ती परंपरेत उपवासाचे. तो उपवास सुटायच्या दिवशी घरात मांस हवे, म्हणून आदल्या आठवड्यात खरेदी. पुढे दिवस वाढले, केक आला, लाकडी खेळणी आली, दिव्यांच्या माळा आल्या. पण बाजार सणाच्या तयारीसाठी आहे ही मूळची बाब हलली नाही. स्ट्रासबुर्गचा बाजार 1570 पासूनचा, तोही याच चालीचा. लक्ष्मीपूजन झाल्यावर आकाशकंदील घ्यायला कोण जातो? सण लागला की बाजाराचे काम संपले. आपण मात्र नाताळ बाजार म्हणजे नाताळच्या दिवशीचा बाजार असे धरून चालतो, आणि तिथेच बेत फसतो.

उघडण्याचा दिवसही मनाला येईल तो नसतो. नाताळापूर्वीच्या चार रविवारांपैकी पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही पडतो आणि बरेचसे बाजार त्याच सुमारास सुरू होतात. न्यूरेंबर्गचा बाजार त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी उघडतो. 2026 मध्ये हा रविवार 29 नोव्हेंबरला आहे, म्हणजे न्यूरेंबर्गचा शुक्रवार 27 तारखेचा. हातात उरतात जेमतेम चार आठवडे, आणि त्यांतल्या शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी आसपासच्या देशांतून बसगाड्या भरून लोक येतात, तेव्हा चौकात खांद्याला खांदा लागतो. त्यामुळे बाजार नीट बघायचा तर डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार गाठावा. चारच्या सुमारास पोहोचावे, कारण सव्वाचारलाच दिवस मावळतो आणि उजेड असताना माल, अंधार पडल्यावर रोषणाई, असे दोन्ही एकाच फेरीत बघून होते. गरम पेयाचा कप अनामत रक्कम घेऊन देतात. कप परत केला की पैसे परत, ठेवून घेतला तर ती आपली आठवणवस्तू. पेय बहुधा मसाला घातलेली वाइन असते, पण दारूविरहित, मुलांसाठीचे पेयही मागितले की मिळते. शाकाहारी माणसाची भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले बदाम आणि बटाट्याच्या तळलेल्या थालीपीठवजा पदार्थावर गुजराण होते. फक्त तळणीचे तेल कसले ते विचारून घ्यावे.

इतक्या लांबचे उदाहरण पटत नसेल तर सोयगावातून निघून एका दिवसात पोहोचता येईल असा हिवाळी बाजार तापीच्या काठी आहे. शेंदुर्णीवरून पाचोरा, तिथून रेल्वेने जळगाव आणि पुढे सुरत मार्गावर दोंडाईचा. तिथून शहाद्याच्या रस्त्याला लागून तापी ओलांडली की सारंगखेडा. तिथली एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला सुरू होते आणि तिच्या बरोबरीने राज्यातला सगळ्यांत नावाजलेला घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, अशा जातींचे घोडे घेऊन राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातले व्यापारी यात्रेच्या आधीच तळ टाकतात. गिऱ्हाईक आधी घोड्याचे तोंड उघडून दात बघतो, मग अंगावरचे भोवरे. गळ्यावरचा भोवरा म्हणजे देवमण, तो शुभ. भोवरा भलत्या जागी असेल तर किंमत पडते, मग जनावर कितीही देखणे असो. त्यानंतर रेवाल चाल करून दाखवायला सांगतात, ज्यात स्वाराच्या पोटातले पाणी हलू नये अशी अपेक्षा असते. हे सगळे बघायचे तर सुरुवातीचे दिवसच हवेत. यात्रा पुढेही चालते, पाळणे फिरतात, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकाने असतात, पण निवडक जनावर हातचे गेल्यावर घोडेबाजारातला रंग ओसरतो.

सारंगखेड्याची तारीख इंग्रजी कॅलेंडरात कशी हिंडते ते पाहण्यासारखे आहे. 2023 साली दत्तजयंती 26 डिसेंबरला आली, 2024 साली 14 ला, 2025 साली 4 ला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती उडी मारून 23 डिसेंबरला जाते. ‘गेल्या वर्षी पंधरवड्याच्या सुमाराला होती’ एवढ्यावर रजा टाकणारा माणूस दहा-बारा दिवसांनी चुकणार, अधिक महिन्याच्या वर्षी त्याहून जास्त. याउलट जुन्या गोव्याचे फेस्त अगदी पक्क्या तारखेचे. सेंट फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी वारले, तेव्हा फेस्त 3 डिसेंबरला, आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेनाचे, 24 नोव्हेंबरपासून. बॉम जेझू चर्चच्या परिसरात त्या दिवसांत फेरी, म्हणजे जत्रा भरते, गूळ-आल्याच्या पाकात घोळवलेले खाजे आणि चणे घेतल्याशिवाय घरी परतायचे नाही असा रिवाज आहे. नाताळ बाजाराच्या सर्वांत जवळचा नातलग आपल्या भागात शोधायचा तर तो हा, पण पर्यटक गोव्याला जातात 28 डिसेंबरला. तेव्हा विमानाचे भाडे चढलेले आणि खाज्यांची दुकाने केव्हाच हललेली.

यावर पहिला आक्षेप सुटीचा, आणि तो खोटा नाही. इंग्रजी शाळांना नाताळचा आठवडा मिळतो, जिल्हा परिषदेच्या शाळांना जेमतेम एक दिवस. दिवाळीची लांब सुटी बाजार उघडण्याआधीच सरलेली असते. शिवाय सोयगावसारख्या कापसाच्या तालुक्यात डिसेंबरात वेचणी चालू असते आणि रब्बीला पाणी द्यायचे असते. शाळकरी मुले बरोबर असतील तर मला वाटते लांबची सहल चार दिवस शाळा बुडवून करावी नाहीतर करूच नये. सुटीच्या आठवड्यात जाऊन रिकामा चौक बघण्यात मुलांचेही भले नाही. पण मुलीकडे जाणाऱ्या आई-वडिलांना शाळेची अडचण नसते. त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचून नाताळापर्यंत राहावे, म्हणजे बाजारही होतो आणि मुलीची सुटीही पदरात पडते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: सगळे बाजार 24 ला उठत नाहीत. बरोबर. बर्लिनमधले काही वर्षअखेरपर्यंत चालतात, व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजार नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत राहतो. ज्याला 25 नंतरच जमते त्याने ही दोन शहरे धरावीत, न्यूरेंबर्ग-ड्रेस्डेनचा हट्ट सोडावा. म्हणजे इथेही शहर ठरले ते तारखेवरूनच. तिसरा आक्षेप, की आता हे सारे पर्यटकांसाठीच चालते, मग कधीही गेले तरी तेच. हे काही ठिकाणी खरे असेल, पण न्यूरेंबर्गच्या चौकात प्लास्टिकच्या माळांना आणि ध्वनिमुद्रित गाण्यांच्या गजराला मज्जाव आहे, आणि स्थानिक माणूस अजूनही सुक्या आलुबुखारांची बाहुली तिथूनच नेतो.

तारीख हाती आली की बाकीचे मागे मोजत जायचे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला पंधरा दिवस धरलेले असतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात. प्रौढांचे शुल्क जून 2024 पासून 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा आरोग्यविमा लागतो. ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, म्हणजे सोयगावकराची एक फेरी तिथेच खर्ची पडते. डिसेंबरच्या सहलीचा अर्ज दिवाळीनंतर करू म्हणणाऱ्याने तो करूच नये. ऑगस्ट-सप्टेंबर ठीक. सारंगखेड्याचे गणित सोपे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडते, तर पंचांग गुढीपाडव्यालाच घरात आलेले असते. 2026 साली तिथी आणि इंग्रजी शाळांची सुटी जवळजवळ एकत्र येत असल्यामुळे दोंडाईच्याची तिकिटे ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यातच काढून ठेवलेली बरी.