शब्दकोडं अडलंय? आधी चौकटी मोजा, मग जोड शोधा!

‘दोन गोष्टींची जोड, दोन चौकटी.’ गेल्या रविवारी आजीने फोनवर हा क्लू वाचला आणि मी ‘युती’ सांगून मोकळा झालो. बातम्यांच्या डेस्कवर बसून दुसरं काय सुचणार! उत्तर होतं ‘संधी’. आडव्या शब्दातून ‘सं’ आधीच आला होता, ते मी विचारलंच नव्हतं.

शब्द, अक्षरं आणि जोडणीवरचे क्लू असेच फसवतात. ‘जोड’ म्हणजे सांधा, दुवा, संधी. तिन्ही दोन चौकटींचे. तीन चौकटी असतील तर ‘समास’ तपासा. हाच ‘समास’ कधी ‘वहीच्या पानावरची कोरी जागा’ म्हणूनही विचारतात. ‘नाश न पावणारे’ असं दिसलं तर देव-आत्मा आठवण्याआधी ‘अक्षर’ बसतंय का पाहा.

एका चौकटीत किती मावतं?

२१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचं कोडं छापून आलं. आधुनिक शब्दकोड्याची सुरुवात तिथून मानतात. इंग्रजीत एका चौकटीत एक लेटर. मराठीत मात्र काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर यांच्यासह अख्खं अक्षर एका चौकटीत बसतं. ‘क्षत्रिय’ म्हणजे क्ष, त्रि, य अशा तीन चौकटी. युनिकोडमध्ये मात्र याच शब्दाचे आठ तुकडे मोजले जातात. इंजिनीअरिंगला असताना मी कोडी बनवणारा प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्याने हलन्तालाही स्वतंत्र चौकट दिली. आजी म्हणाली, “अक्षराचा पाय मोडलास तो मोडलास, वर त्याला वेगळी खोली दिलीस?”

जोडलं की चौकट घटते

इथे खरी गंमत आहे. ‘सूर्य’ दोन चौकटी, ‘अस्त’ दोन. पण ‘सूर्यास्त’ तीनच. ‘महा’ आणि ‘ईश’ मिळून ‘महेश’, तेही तीन. स्वरसंधीत दुसऱ्या शब्दाचा पहिला स्वर आधीच्या अक्षरात विरघळतो, म्हणून एक चौकट कमी होते. ‘आईवडील’सारख्या समासात असं काही होत नाही. दोन अधिक तीन, सरळ पाच. त्यामुळे जोडशब्द एका चौकटीने जास्त होत असेल, तर तो खोडण्याआधी संधी होते का पाहा.

आणखी एक खोडा ऱ्हस्व-दीर्घाचा. ‘कवी’ एकटा असताना ‘वी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’मध्ये ‘वि’ ऱ्हस्व. तिथे दीर्घ भरलात की उभा शब्द हमखास अडतो, आणि आपण भलत्याच क्लूला दोष देत बसतो. (मी बसलोय.)

फोन ठेवण्याआधी आजीने शेवटचा क्लू दिला: ‘शब्दाचा उच्चारातला तुकडा, पाच चौकटी, शेवटी व.’ मला ‘शब्द’ आणि ‘अवयव’ सुचले, पण बोटांवर सहा भरले. मग जोडून पाहिलं. शब्दावयव, बरोबर पाच.

“लिहिलं,” ती म्हणाली. “पेनाने.”